व्हेंटिलेटर सुटला, पण नळी काढायची का?

केसपेपरवर 'टी-पीस ट्रायल पास, एक्स्ट्युबेट करा' (म्हणजे यंत्र सोडवून नुसत्या ऑक्सिजनवर नळीतून स्वतः श्वास घेणं जमलं, आता घशातली नळी काढा) एवढीच एक ओळ दिसली की समजावं, दोन वेगळे प्रश्न एकाच सहीत उरकलेत. पहिला प्रश्न छातीचा: यंत्राचा आधार काढला तर हा पेशंट श्वास रेटू शकेल का? दुसरा गळ्याचा: नळी काढली तर श्वासाची वाट उघडी राहील का, आणि ती त्याची त्याला साफ ठेवता येईल का? ट्रॅकिऑस्टॉमीचा (गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेला) पेशंट दिवसभर व्हेंटिलेटरशिवाय बसतो, नळी मात्र असतेच. बायपॅपवरच्या (मास्कमधून दाब देणाऱ्या यंत्रावरच्या) सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला नळी नसते, यंत्र असतं. दोघेही एकाच वॉर्डात असतात, तरी गोंधळ सुटत नाही.

पहिला प्रश्न बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर. मूळ आजार उताराला लागलेला, ऑक्सिजन ४०-५० टक्क्यांच्या आत, पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात टिकवलेला दाब) ५ ते ८, पीएफ रेशो (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण) दीडशेच्या वर, बीपी वर धरणारं औषध बंद किंवा अगदी थोडं, आणि पेशंट स्वतःहून श्वास ओढतोय. सकाळी मिडॅझोलमचा (गुंगीच्या औषधाचा) ड्रिप बंद करायचा, जागं होऊ द्यायचं आणि ३० मिनिटांची ट्रायल घ्यायची. श्वास मिनिटाला ३५ च्या वर टिकून राहिले, सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं, नाडी १४० च्या पुढे, वरचं बीपी १८० च्या पुढे किंवा ९० च्या खाली, घाम फुटला, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, की ट्रायल थांबवायची. बहुतेकांना प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला यंत्राने दिलेला थोडा दाब) ८ वर अर्धा तास पुरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या पद्धतीने यशस्वी एक्स्ट्युबेशनचं प्रमाण ८२ टक्के होतं, दोन तासांच्या टी-पीसने ७४. हृदय कमजोर असेल तर मात्र टी-पीसच घ्यावा. यंत्राचा दाब गेल्यावर हृदयावर येणारा भार प्रेशर सपोर्टवर झाकला जातो, आणि नळी काढल्यावर तासाभरात फुप्फुसात पाणी साठतं.

इथेच तीन तक्रारी नोंदवून पुढे जातो. आरएसबीआय (मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा लिटरमध्ये; जितका कमी तितका बरा) प्रेशर सपोर्ट १२ वर मोजून '६०, उत्तम' लिहू नये. आधार असताना टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) फुगतो आणि आकडा खोटा उतरतो. १९९१ च्या मूळ अभ्यासातली १०५ ची रेघ यंत्राशिवायच्या श्वासांवर काढलेली आहे. मिनिटाला २८ श्वास आणि ३५० मिली असतील तर ८०. ३६ श्वास आणि २५० मिली असतील तर १४४. दुसरं, एसआयएमव्हीचा (यंत्र मिनिटाला ठरावीक श्वास देतं त्या मोडचा) रेट रोज दोन-दोनने उतरवत बसणं आता सोडा. १९९५ मध्येच दिसलं की रोज एक ट्रायल घेतल्यास पेशंट त्याच्या तुलनेत सुमारे तिप्पट लवकर सुटतो. तिसरं, ट्रायल पास झाली तरी 'रात्रभर टी-पीसवर बघू' म्हणून ठेवणं. त्यातून नवीन काही कळत नाही. पेशंट मात्र बारीक नळीतून रात्रभर श्वास ओढून थकतो आणि सकाळी नापास होतो. उलट ट्रायलनंतर तासभर पुन्हा व्हेंटिलेटरवर विश्रांती देऊन मग नळी काढलेली बरी.

आता खरा घोळ. ट्रायल चालू असताना नळी आतच असते. स्वरयंत्राची वाट ती उघडी धरते, सिस्टर तिच्यातूनच बेडका ओढून काढतात, आणि नळीभोवतीचा फुगवलेला कफ (फुगा) तोंडातली लाळ बरीचशी वर अडवतो. नळी काढली की हे तिन्ही एका क्षणात जातं. म्हणजे ट्रायलने जे तपासलंच नाही, नेमकं त्यावरच पुढचे दोन दिवस अवलंबून. ट्रायल पास झालेल्यांपैकीही दहातल्या एकादोघांना परत नळी घालावी लागते, आणि परत नळी लागलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं.

वाट उघडी राहील का, याचा अंदाज कफ लीकवरून, म्हणजे तो फुगा रिकामा केल्यावर नळीच्या बाजूने किती हवा निसटते त्यावरून येतो. सरसकट सगळ्यांना ही तपासणी लागत नाही. नळीला सहा दिवसांच्या वर झाले, घालताना दोन-तीनदा धडपड झाली, बाईमाणसाला ८ नंबरची घातली, किंवा पेशंटने स्वतः ओढून काढल्यावर परत घातली, अशांना करा. आधी तोंड आणि नळी नीट सक्शन करा, नाहीतर कफ सैल केल्याबरोबर वर साचलेली लाळ खाली जाते. मग व्हॉल्यूम कंट्रोलवर (यंत्र दर श्वासाला ठरलेली हवा देतं त्या मोडवर) आत जाणारा श्वास नोंदवा, कफ पूर्ण रिकामा करा, बाहेर येणारे सहा श्वास बघा आणि सर्वांत कमी तिघांची सरासरी घ्या. फरक ११० मिलीपेक्षा कमी असेल तर सूज असू शकते. 'असू शकते' एवढंच. अरुंद श्वासनलिकेत जाड नळी असली तरी लीक येत नाही. म्हणून लीक नाही या कारणावर चार-चार दिवस नळी ठेवणं चूक आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम दर चार तासांनी, नळी काढण्याच्या बारा तास आधीपासून द्या. तेवढा वेळ नसेल तर निदान चार तास आधी स्टेरॉइड जाऊ द्या, आणि मग काढा. नळी काढायच्या ऐन वेळी दिलेल्या डेक्साच्या (हेही स्टेरॉइडच) एका इंजेक्शनने सूज उतरत नाही, फक्त केसपेपर भरतो.

वाट साफ ठेवता येईल का, हे खोकल्यावर आणि बेडक्यावर. नळी यंत्रापासून सुटी करून तिच्या तोंडापासून एक-दोन सेंटीमीटरवर पांढरं कार्ड धरा, तीन-चारदा खोकायला सांगा. कार्डावर ओले थेंब पडले तर खोकल्यात जोर आहे. नुसती 'खस्स' करून हवा आली आणि कार्ड कोरडं राहिलं तर थांबा. सिस्टरना विचारा, गेल्या रात्री सक्शन किती वेळा लागलं. दर दोन तासांच्या आत लागत असेल आणि खोकलाही कमजोर असेल, तर आरएसबीआय कितीही सुंदर असो, नळी काढू नका. मग चार आज्ञा: डोळे उघड, माझ्याकडे बघत राहा, हात दाब, जीभ बाहेर काढ. चारही जमत नसतील, खोकला कमजोर आणि बेडका जास्त, असं तिन्ही एकत्र आलं तर नळी परत घालायची वेळ जवळपास ठरलेली. नुसतं भान कमी आहे पण खोकला खणखणीत आणि बेडका थोडा, अशा डोक्याला मार लागलेल्याची नळी काढता येते. जीसीएसच्या (शुद्धी मोजण्याच्या) आकड्याला कवटाळून बसायचं कारण नाही.

आपल्याकडे हा फरक सर्वांत जास्त गोत्यात आणतो तो दोन पेशंटांत. एक, फवारणीचं औषध प्यायलेला. ऑर्गनोफॉस्फरसवर (या कीटकनाशकाच्या विषावर) अॅट्रोपीन, म्हणजे स्राव सुकवणारं औषध, जोरात चालू असताना छाती कोरडी असते, सक्शनला काही येत नाही, ट्रायलही पास होते. अॅट्रोपीन उतरवलं की छाती परत भरते. त्यात पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान इंटरमीजिएट सिंड्रोम (विषामुळे मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडणं) येतो, तेव्हा सकाळचा 'पास' संध्याकाळी खरा राहत नाही. त्याची पहिली खूण मानेत दिसते: उशीवरून डोकं उचलता येत नाही. म्हणून अॅट्रोपीन उतरवूनही छाती कोरडी आहे आणि डोकं पाच सेकंद उचलून धरता येतंय, हे दोन्ही दिसल्याशिवाय नळीला हात लावू नये.

दुसरा, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावलेला. फुप्फुसं स्वच्छ, पीएफ रेशो चारशे, कागदावर सगळं झकास. पापण्या पडलेल्या, जीभ हलत नाही, म्हणून चार आज्ञांत नापास. आणि तरी भान शंभर टक्के. पायाचा अंगठा हलवायला सांगा, लगेच हलवतो. (त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्याबद्दल वाटेल ते बोलणारे बघितले की संताप येतो. त्याला सगळं ऐकू येत असतं.) मण्यारीचं विष चेतातंतूंची टोकंच निकामी करतं, एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) देऊनही ती भरून यायला दिवस लागतात. छातीचे स्नायू आधी सावरले आणि गळ्याचे मागे राहिले तर तो श्वास घेईल, पण लाळ गिळू शकणार नाही. इथेही डोकं पाच सेकंद, जीभ दातांच्या बाहेर, आणि ओलं कार्ड.

नातेवाईक बाहेर विचारतात, "मशीन काढली म्हन्ता, मंग नळी कामून ठिवली?" प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्या रेसिडेंटला याचं उत्तर देता येत नाही, त्याने नळी काढण्याची ऑर्डर लिहू नये.

काढायचं ठरलं तर दिवसा काढा, परत घालायचं सामान उशाशी मांडून. रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घातलेल्या नळीचं) फीड आधी थांबवून पोट ओढून घ्या, पेशंटला बसतं करा. सीओपीडी, हृदयविकार किंवा वय जास्त असेल तर नळी काढल्या काढल्या बायपॅप लावा. दम लागायची वाट बघून मग लावलेला बायपॅप फक्त परत नळी घालायला उशीर करतो. घशातून शिट्टीसारखा आवाज आला तर अॅड्रेनॅलिनचं नेब्युलायझेशन द्या, आणि तासाभरात उतार नसेल तर नळी. आणि पेशंटला वरच्या दवाखान्यात हलवायचं असेल तर 'ट्रायल पास झाली' म्हणून निघण्याआधी नळी काढून देऊ नका. स्वरयंत्र सुजलं तर ते किनवट-नांदेड रस्त्यावर, धावत्या १०८ मध्ये सुजेल. तिथे नळी घालायला ना उजेड धड असतो, ना हाताशी दुसरा माणूस.