माजी सैनिकांमधील आघातोत्तर तणाव व सहविकार

युद्धावरून परतलेल्या सैनिकाला आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) जडला, की नैराश्य, दारूचे व्यसन, भीतीचे झटके यांपैकी काहीतरी बहुधा सोबत असतेच. अशा जोडीने येणाऱ्या आजारांना सहविकार म्हणतात. व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकी सैनिकांत त्यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे.

अमेरिकी मनोविकार संघटनेने १९८० मध्ये या विकाराला आपल्या निदानपुस्तिकेत जागा दिली. १९८३ मध्ये तेथील संसदेने देशव्यापी पाहणीचा आदेश काढला. युद्धक्षेत्रात गेलेल्या पुरुषांपैकी ३०.९ टक्क्यांना केव्हा ना केव्हा हा विकार झाल्याचे तीत दिसले. २००६ मध्ये लष्करी नोंदी ताडून केलेल्या फेरविश्लेषणात हा आकडा १८.७ टक्क्यांवर उतरला. मूळ पाहणीतील विकारग्रस्त पुरुषांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश कधी ना कधी दारूच्याही आहारी गेले होते.

दारूचे मूळ बरेचदा झोपेत सापडते. दुःस्वप्नांच्या धास्तीने माणूस अंथरुणाला पाठ टेकत नाही, दाराच्या कड्या पुनःपुन्हा तपासतो. दोन पेग घेतले की डोळा लागतो. पण दारूने दबलेली स्वप्नांची झोप उत्तररात्री उसळून येते. तो घामाघूम होऊन उठतो आणि पुढे दोनाचे चार पेग होतात. व्यसन हा रुग्णाने स्वतःवर चालवलेला उपचार असतो, ही मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँत्झियन यांची १९८५ मधील मांडणी इथे चपखल बसते. सगळीकडे मात्र नाही: व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या नादी लागलेल्या बहुतेकांनी मायदेशी परतल्यावर ते सोडले, असे संशोधक ली रॉबिन्स यांना आढळले होते.

नैराश्याचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. झोप उडणे, लक्ष न लागणे, कशातच रस न उरणे ही लक्षणे दोन्ही विकारांच्या याद्यांत आहेत. म्हणजे काही सहविकार मोजण्याच्या पद्धतीतूनच निपजतात. तरी सगळा दोष यादीवर ढकलता येत नाही. त्याच देशव्यापी पाहणीच्या २०१२-१३ मधील पाठपुराव्यात, युद्ध संपून चार दशके होत आली तरी विकार न सुटलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिकांना तीव्र नैराश्यही होते.

‘आधी दारू सोड, मग आघाताचे बघू’ असा उपचारांचा जुना खाक्या होता. त्यात रुग्ण व्यसनमुक्ती विभाग आणि मानसोपचार विभाग यांच्यात हेलपाटे घालत राही. आता दोन्ही उपचार एकाच वेळी करण्याकडे कल आहे. आघातोत्तर तणावावर दिली जाणारी सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही औषधे नैराश्यावरही चालतात. सवय लावणाऱ्या बेंझोडायझेपिन प्रकारच्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्या मात्र टाळल्या जातात.