हृदयाच्या झडपांचे विकार आणि भूल

हृदयाची झडप अरुंद किंवा गळकी असेल तर हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेतही भूल जोखमीची ठरते. नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांत विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून रुग्ण येतात. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या बाईला आपली झडप आकसल्याचे अनेकदा गरोदरपणी दम लागू लागल्यावरच कळते. त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिल्याशिवाय भुलीचा बेत ठरवू नये.

मायट्रल झडपेचे (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेचे) तोंड एरवी ४ ते ६ चौ. सेंमी. असते, ते १.५ किंवा त्याहून कमी झाले की आजार तीव्र मानतात. इथे खरा शत्रू म्हणजे वाढलेली नाडी. ठोके जलद पडले की डावा खालचा कप्पा भरायला वेळ मिळत नाही, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी होते. म्हणून नाडी वाढवणारी औषधे, म्हणजे केटामिन आणि अॅट्रोपिन शक्यतो टाळतात. श्वासाची नळी घालण्यापूर्वी फेंटानिल हे वेदनाशामक पुरेसे देतात आणि नाडी चढलीच तर ती उतरवणारे एस्मोलॉल वापरतात. रक्तदाब पडल्यास एफेड्रिनपेक्षा फेनिलेफ्रिन बरे (५० ते १०० मायक्रोग्रॅम), कारण त्याने नाडी वाढत नाही. सिझेरियनमध्ये गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन झटक्यात न देता संथ ड्रिपने द्यावे, त्याच कामाचे मेथर्जिन नकोच.

महाधमनीची झडप १ चौ. सेंमी. किंवा त्याहून अरुंद असेल तर एकदम दिलेला पूर्ण मात्रेचा स्पायनल (पाठीच्या कण्यात दिलेली भूल) घातक ठरू शकतो. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब कोसळतो आणि जाड झालेल्या हृदयस्नायूला रक्त मिळत नाही. हृदय थांबलेच तर छाती दाबूनही अरुंद तोंडातून रक्त फारसे पुढे जात नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. लघवीच्या गोळ्या चालू असलेला रुग्ण रात्रीपासून उपाशी राहिला तर सकाळपर्यंत त्याच्या अंगातले पाणी कमी झालेले असते आणि त्यानेही दाब कोसळू शकतो. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत त्याला साधे पाणी देता येते आणि त्याचा क्रम यादीत पहिला लावावा.

गळक्या झडपेत गणित उलटे: नाडी ८० ते १०० ठेवायची आणि रक्तवाहिन्या थोड्या सैल राहू द्यायच्या, म्हणजे रक्त मागे कमी गळते. इथे स्पायनल सहसा सोसतो.

कृत्रिम धातूची झडप असल्यास मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) साधारण ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) १.५ खाली आणतात. गरजेप्रमाणे मधल्या काळात रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिनचे इंजेक्शन देतात.

शस्त्रक्रियेनंतर वेदना आणि थंडी वाजून येणारी थरथर नाडी वाढवतात. प्रसूतीनंतर गर्भाशयातले रक्त शरीरात परतते आणि स्पायनलचा अंमल उतरताच हृदयावरचा भार वाढतो. फुप्फुसात पाणी होण्याचा धोका तेव्हाच जास्त, म्हणून मायट्रल स्टेनोसिसच्या (मायट्रल झडप आकसलेल्या) रुग्णाला निदान २४ तास अतिदक्षता विभागात ठेवावे.