निहाली भाषा आणि निहाल लोकांची ओळख

निहाली (काहीजण नहाली पण म्हणतात) ही बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला बोलतात ती भाषा. बोलणारे साधारण 2 ते अडीच हजार असतील. मराठी ही हिंदी-गुजरातीची बहीण, कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी, पण निहालीला जगात सख्खं-चुलत कुणीच सापडलेलं नाही. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सननी तिला मुंडा भाषांच्या खंडात टाकलं होतं, 1962 मध्ये कायपर ह्या डच अभ्यासकानी तिचे शब्द वेगळे काढून तपासले आणि मूळचा भाग कशाशीच जुळेना.

शेजाऱ्यांकडून उचललेलं मात्र खूप आहे, निम्म्याहून जास्त शब्द बाहेरचे. आकडेच बघा ना, 2, 3, 4 म्हणजे इरार, मोथो, नालो, हे सरळ द्राविडी आणि पाचापासून पुढे हिंदी-मराठीकडचे, म्हणजे नुसतं मोजायला लागलं तरी ही माणसं कुणाकुणाच्या शेजारी राहिली ते कळतं! पाण्याला जोप्पो म्हणतात, आगीला आपो. असे घरचे शब्द आता थोडेच उरलेत आणि माझ्या मते खरं मोल त्यांचंच, कारण मराठीतला एखादा शब्द मेला तरी त्याचा भाऊबंद कोकणीत नाहीतर गुजरातीत सापडतो, जोप्पो गेला की गेला.

निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या कोरकू आदिवासींच्या शेतात मजुरी करत आले. त्यामुळे कोरकू त्यांना येतेच, बाजारात हिंदी-मराठी, शाळा मराठीत, पण निहाली शेजारपाजारचं कुणी शिकत नाही, ती फक्त घरात आपापसात, आणि घरात पोरांशी मराठी सुरू झालं की संपलं. कागदावर तर आधीच संपल्यासारखं आहे. 1971 पासून जनगणनेत 10 हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा वेगळ्या छापतच नाहीत, आणि अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूच्याच नोंदीत, बोपची, मौआसी ह्या जमातींच्या नावांशेजारी बसवलंय. मग आम्ही कोरकू नाही, निहाल आहोत हे दाखवायला त्यांच्याकडे बोलण्याशिवाय दुसरं काय आहे? ग्रियर्सनच्या वेळी ही भाषा पलीकडे मध्य प्रदेशातल्या निमाडात नोंदवलेली होती, आज तिकडे निहाल हे नाव आहे, भाषा फक्त जळगाव जामोदच्या बाजूला उरलीय.