शंभरच्या पुढे गाडी हलकी का लागते?

गाडीला हवेचा अडथळा कमी असला म्हणजे ती वेगात स्थिर राहील असं नाही. बरेचदा उलटंच होतं. टपाच्या फुगवट्यावरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब उतरतो आणि गाडी वर ओढली जाते. समोरून दिसणारं क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर आणि मागच्या चाकांवरचा उचल-गुणांक (हवा गाडीला किती उचलते ते सांगणारा आकडा) 0.1 धरला, तर ताशी 100 किमीला मागचा भार साधारण 10 किलोने घटतो. 200 ला तो 41 किलोने घटतो, कारण हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं. त्यात वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं घसरू शकतात. पहिल्या ऑडी टीटीचे असे अपघात झाल्यावर कंपनीने मागे स्पॉयलर (हवेचा उचल कमी करणारी डिकीवरची आडवी फळी) दिला, सस्पेन्शनही बदललं.

सातारा-कराड पट्ट्यात आणखी एक गोष्ट आड येते. महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारा पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. गाडी 100 ला आणि आडवा वारा 36 ला असेल, तर हवा नाकावर सरळ न येता सुमारे 20 अंश तिरकी येते. तिचा जोर गुरुत्वमध्याच्या (गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलं असं मानतात त्या बिंदूच्या) पुढे बसतो, त्यामुळे वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला नाक ढकललं जातं. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना बसणारा हिसका तो हाच. डिकीत जड सामान भरलं की गुरुत्वमध्य मागे जातो आणि हिसका वाढतो.

मागच्या कडा फार गोलसर असल्या तर हवा पृष्ठभागापासून कुठे सुटायचं ते ठरवत नाही. कधी इथून सुटते, कधी तिथून, आणि गाडी मागून डुलते. हे डोळ्यांनी बघता येतं. सात सेंटीमीटरचे लोकरीचे धागे दहा-दहा सेंटीमीटरवर मागच्या काचेवर आणि कडांवर चिकटपट्टीने लावायचे. वारा पडलेला असताना, बंदिस्त ट्रॅकवर 70 च्या वेगाने गाडी चालवायची आणि शेजारच्या गाडीत बसलेल्याने चित्रण करायचं. धागा मागे ताणून स्थिर राहिला, तर हवा पृष्ठभाग धरून आहे. फडफडला किंवा उलटा पुढे वळला, तर सुटली. ही सीमा जागा बदलत असेल, तर तिथे धारदार कड द्यायची. मग हवा दरवेळी त्याच रेषेवर सुटते.

फक्त मागे मोठा स्पॉयलर ठोकून भागत नाही. तो मागच्या ॲक्सलच्याही मागे दाब देतो, तेवढी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग पोकळ लागतं. म्हणून पुढच्या बंपरखालची पट्टीही त्याच वेळी जुळवावी लागते.