पीएचडीचा फॉर्म भरताय? आधी कागदांवरच्या तारखा बघा

आमच्या केमिस्ट्रीच्या रिसर्च सेंटरवर ॲडमिशनच्या दिवसांत कागदपत्रं तपासायच्या टेबलाला मी मदतीला बसते. दरवर्षी तेच दिसतं. मुलं विषयाची तयारी करून येतात, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पाठ असतो, आणि परत जातात ती एका कागदामुळे. म्हणून हे सविस्तर लिहितेय, सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पीएचडी करायची आहे त्यांच्यासाठी. फॉर्म भरणं, फी भरणं, फोटो-सही अपलोड करणं हे सगळं कुणालाही जमतं, त्यात वेळ घालवत नाही. बाकी प्रत्येक विद्यापीठाची जाहिरात थोडी वेगळी असते, ती शेवटच्या पानापर्यंत वाचा, बहुतेक अटी तिथेच असतात.

पात्रता यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनी ठरते. मास्टर्सला ५५ टक्के, आणि एससी, एसटी, नॉन क्रीमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस, दिव्यांग यांना ५ टक्के सूट. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास असाल तर मास्टर्स नसतानाही दार उघडं आहे, पण तुमच्या विद्यापीठाने ते जाहिरातीत घेतलंय का ते बघा. इथे इंजिनिअरिंगची मुलं फसतात ती सीजीपीएत, म्हणजे दहापैकी मिळणाऱ्या सरासरी ग्रेड पॉइंटमध्ये. ६ सीजीपीए म्हणजे ६० टक्के असं धरून चालतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात ५५ टक्क्यांसाठी ६.२५ लागतात आणि ७५ साठी ८.२५. शिवाय बऱ्याच विद्यापीठांचा स्वतःचा वेगळा फॉर्म्युला असतो, त्यामुळे ज्या विद्यापीठाची डिग्री आहे तिथून कन्व्हर्जनचं पत्र आणा, आपल्या हाताने गुणाकार करून आकडा टाकू नका. आणि ५४.९ म्हणजे ५५ नाही, नेटच्या (प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या) फॉर्मवर तर राउंड ऑफ चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता नेटची गोष्ट, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिला जेआरएफचा (ज्यांना संशोधनासाठी दरमहा फेलोशिप मिळते), दुसरा असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीचा, तिसरा फक्त पीएचडीचा. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे नेटचे मार्क ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरतात, आणि हे मार्क पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. एकच वर्ष! असिस्टंट प्रोफेसरची पात्रता आयुष्यभर राहते म्हणून लोक समजतात की हेही तसंच, आणि दीड वर्षानं आरामात निकालाचा कागद घेऊन येतात. गेटचा (इंजिनिअरिंग-सायन्सच्या राष्ट्रीय परीक्षेचा) स्कोअर तीन वर्षं चालतो, तो वेगळा हिशोब. आपल्याकडची बरीच विद्यापीठं अजून स्वतःची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, घेतात आणि नेट, सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा), गेटवाल्यांना तिच्यातून सूट देतात. ती सूट मागायची असेल तर स्कोअरकार्ड अर्जाच्या शेवटच्या तारखेला जिवंत पाहिजे, मुलाखतीच्या तारखेला नाही.

नॉन क्रीमीलेअरच्या दाखल्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण डोळ्यांसमोर मुलं रडताना पाहिलीत. मागे एक मुलगी आली होती, मास्टर्सला ५२ टक्के, पेट पास, गाईड तयार. फाइल एकदम व्यवस्थित लावलेली, प्रत्येक झेरॉक्सवर सही. तिच्या नॉन क्रीमीलेअरवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ३१ मार्चपर्यंत वैध, आणि अर्जाची शेवटची तारीख होती जुलैमधली. ती म्हणाली, मॅडम, उत्पन्न तर तेवढंच आहे, बाबा शेतीच करतात. बरोबर आहे गं तुझं, पण कागद संपलाय. कागद संपला की ओबीसीची सूट गेली, सूट गेली की ५५ लागतात, आणि तिच्याकडे ५२. नवीन काढायला तिने त्याच दिवशी सेतूत अर्ज टाकला, पण तोवर यादी लागून गेली. कुणी एकाने तिला एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं, आणि हे विभागाच्या नोटीस बोर्डावर एका ओळीत लावायला कुणाचं काय जातं हे मला अजून कळलेलं नाही.

तर ३१ मार्च उलटला की एप्रिलमध्येच नवीन नॉन क्रीमीलेअर काढा, जाहिरातीची वाट बघू नका. काढताना तहसीलदाराचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडलात तर ते जास्त मुदतीचं मिळू शकतं, एका वर्षाचा जोडलात तर एकच वर्ष. आणि राज्याचं वेगळं, केंद्राचं वेगळं. सीएसआयआर नेट (सायन्सच्या विषयांची नेट) किंवा केंद्राच्या कुठल्याही संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्य विद्यापीठाला राज्याचं. सेतूत जाऊन दोन्ही मागा, न मागता कुणी देत नाही.

जात प्रमाणपत्रच नसेल तर मात्र वेळ लागतो. ओबीसी आणि एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्हीजेएनटीसाठी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, आणि घरात आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा दाखला आणायचा कुठून? अशा वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, तर याच्याही पुढचं काम, समितीकडे महिनोन्‌महिने जातात. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत ज्यांनी केली ते सुटले. तुमच्या घरात कुणी आत्ता बारावीला असेल तर प्लीज आत्ताच करायला लावा.

लग्न झालेल्या मुलींचं नावाचं प्रकरण वेगळंच. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, नेटच्या निकालावर तिसरंच काहीतरी. साधं ॲफिडेव्हिट काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी राजपत्रच मागतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक फॉर्मवर दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं टाका.

नोकरी करून पार्ट टाइम पीएचडी करणाऱ्यांना नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते, आणि "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीची एनओसी परत येते. यूजीसीच्या नियमात तीन गोष्टी मागितल्यात. पार्ट टाइम शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करायला मोकळीक देऊ. तिन्ही वाक्यं लेटरहेडवर पाहिजेत, खाली सही-शिक्का. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्यांची इथे फार ओढाताण होते, प्राचार्य म्हणतात तुम्ही आमचे कायम कर्मचारी नाही तर एनओसी कशी देऊ, विद्यापीठ म्हणतं नोकरी दाखवलीत तर एनओसी आणा. फॉर्म भरायच्या आधी प्राचार्यांशी बोलून घ्या, आणि जमत नसेल तर फुल टाइमचा विचार करा, पण नोकरी लपवू नका, नंतर बाहेर आलं तर रजिस्ट्रेशनच अडचणीत येतं.

गाईड. सर हो म्हणाले म्हणजे जागा आहे असं नाही. प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, त्याच्या वर नाही. रिटायर व्हायला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. सरांना हे विचारायला मुलांना लाज वाटते. विचारा, नम्रपणे विचारा, पण विचारा, आणि विद्यापीठाच्या व्हेकन्सी लिस्टमध्ये त्यांचं नाव आणि तुमचं रिसर्च सेंटर दोन्ही आहे का ते स्वतः बघा. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्जही निकाल लागल्या लागल्या टाकून ठेवावा.

ॲडमिशन झाल्यावरची मुदत पण लोक चुकीची मोजतात. सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून, कोर्सवर्क धरून, कन्फर्मेशन लेटरपासून नाही. पुढे री-रजिस्ट्रेशनची जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्याच्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, ती मागून घ्या, काही ठिकाणी ऑफिसमध्येच हे माहीत नसतं, तेव्हा नियमाची प्रिंट सोबत न्या.

जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफचे (वरच्या टप्प्याची फेलोशिप) ४२,०००, वर एचआरए, म्हणजे घरभाडं भत्ता. यूजीसीची फेलोशिप असेल तर ती आपोआप येत नाही. कॅनरा बँकेच्या पोर्टलवर संस्थेतल्या मेकरने (नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याने) दर महिन्याला नोंद करायची आणि चेकरने (ती तपासणाऱ्याने) ती मंजूर करायची, तेव्हा पैसे निघतात. मेकर रजेवर गेला की खोलीचं भाडं थकतं. तुमच्या सेंटरला मेकर कोण, चेकर कोण हे जॉइनिंग रिपोर्ट देतानाच विचारून घ्या, आणि महिना संपत आला की स्वतः जाऊन आठवण करा.