दगड-मातीच्या लोंढ्यांचे संवेदनशीलता नकाशे

अतिवृष्टीत डोंगरउतारावरची भिजलेली माती सुटते आणि दगड, झाडे व पाणी घेऊन ओढ्याच्या पात्रातून वेगाने खाली येते, त्याला दगड-मातीचा लोंढा म्हणतात. असा लोंढा कुठे सुटेल आणि कुठवर पोहोचेल, हे भौगोलिक माहिती प्रणालीच्या (जीआयएस) साहाय्याने दाखवणारा नकाशा म्हणजे संवेदनशीलता नकाशा. तो जागा सांगतो, वेळ सांगत नाही.

लोंढा कुठवर पोहोचेल हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण घरे बहुधा खालीच असतात. 30 जुलै 2024 रोजी केरळमधील वायनाड जिल्ह्यात समुद्रसपाटीपासून सुमारे 1,550 मीटर उंचीवर सुटलेला लोंढा जवळपास 8 किलोमीटर वाहत गेला आणि त्याने मुंडक्कै व चूरलमला ही गावे उद्ध्वस्त केली. त्याच जागी आधीही दरड कोसळल्याची नोंद इस्रोच्या 2023 च्या भूस्खलन ॲटलासमध्ये होती.

नकाशाची सुरुवात अशा जुन्या नोंदींपासूनच होते. उपग्रहचित्रांवर दरडींच्या खुणा आखतात. त्यावर उतार, उताराची वक्रता, वरून येणाऱ्या पाण्याचे क्षेत्र, खडक, जमीनवापर आणि रस्त्यासाठी केलेले डोंगरकाप असे माहितीचे थर चढवतात. मग वारंवारता गुणोत्तर, लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा रँडम फॉरेस्ट अशा सांख्यिकी व संगणकीय पद्धतींनी प्रत्येक चौकटीची, म्हणजे नकाशा ज्या छोट्या चौरसांत विभागलेला असतो त्यातल्या एकेकाची, संवेदनशीलता काढतात.

सर्वांत मोठी चूक इथे आखणीतच होते. खूण एकसंध आखली, तर लोंढा जिथे साचला ती खोऱ्यातली सपाट जागाही ‘दरड सुटलेली जागा’ म्हणून गणितात जाते आणि कमी उतारच धोक्याचा ठरतो. म्हणून उगमाचा भाग वेगळा आखायलाच हवा. लोंढ्याची वाट स्वतंत्रपणे काढावी लागते. स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातील ‘फ्लो-आर’ ही संगणक प्रणाली तेच काम करते.

चौकटीचा आकारही निर्णायक असतो. जमिनीच्या उंचीची माहिती 30 मीटरच्या चौकटींत असेल, तर दहा मीटर रुंदीची घळ दिसतच नाही, आणि लोंढा नेमका घळीतूनच येतो. मातीची जाडी तर उपग्रहाला दिसत नाही. ती जागेवर जाऊन, उदाहरणार्थ डोंगरकापाशी उभे राहून टेपने, मोजावी लागते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय स्तरावर 1:50,000 प्रमाणाचे नकाशे केले आहेत. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. 2014 मध्ये दरडीखाली गेलेल्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीणसारखे गाव त्यात काही मिलिमीटरांत मावते, त्यामुळे कोणते घर हलवायचे हे ठरवायला 1:10,000 किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो.