फॉलिंग नंबर चांगला, तरी पाव पसरतो: मोडाचा गहू आणि ढेकणाचा गहू

मोड आलेल्या गव्हाबद्दल फार सांगायला नको. कापणीच्या तोंडावर पाऊस येतो, ओंबीतच अंकुर फुटतो, दाण्यात अल्फा-अमायलेज हे एन्झाइम वाढतं, स्टार्च तुटतो आणि पावाचा गाभा चिकट, ओलसर निघतो. अवकाळी अनुभवलेल्या आपल्याकडच्या गिरणीवाल्यांना हे पाठ आहे. त्यासाठीची चाचणीही ओळखीची: ७ ग्रॅम पीठ, २५ मिली पाणी, नळी उकळत्या पाण्यात, सुरुवातीचं ढवळणं आणि मग दांडी त्या खळीतून खाली बसेपर्यंतचे सेकंद. हाच फॉलिंग नंबर. ३०० च्या पुढे गहू निकोप, १५० च्या खाली मोडाचा.

घोटाळा यापुढे होतो. ‘किडीने खराब केलेल्या गव्हातली एन्झाइमं मोजा’ असं काम आलं की हेच यंत्र सुरू केलं जातं. आकडा ३२० येतो, अहवालात ‘एन्झाइमची क्रिया सामान्य’ असं लिहिलं जातं, आणि त्याच पिठाचा पाव भट्टीत भाकरीसारखा पसरतो. मग दोष यीस्टला, पाण्याला, भट्टीवाल्याला. ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं.

आधी कोणती कीड ते ठरवू. किडका गहू म्हटलं की आपल्याला कोठीतले सोंडे आणि खापरा आठवतात. ते दाणा पोखरतात. तो विषय वेगळा. इथली कीड उभ्या पिकातली, ढेकणाच्या कुळातली. शास्त्रीय नाव युरिगॅस्टर इंटेग्रिसेप्स; तुर्कस्तानात तिला सुने म्हणतात, इराणमध्ये सेन. सिरिया-इराकपर्यंतच्या गव्हाच्या पट्ट्यात तिचा धुमाकूळ असतो. जोडीला एलिया नावाची दुसरी कीड असते. न्यूझीलंडमध्ये असंच नुकसान नायसियस हटोनी करते. महाराष्ट्रात सुने नाही, म्हणून आपल्या अभ्यासक्रमात ती दोन ओळींत उरकली जाते.

ही कीड भरत्या दाण्यात सोंड खुपसते, लाळ सोडते आणि आतला गर पातळ करून शोषते. दाणा हातात घेऊन पाहा: सुईच्या टोकाएवढा काळपट ठिपका, भोवती फिकट वलय. तिथे आडवा काप घेतला तर आत खडूसारखा भुसभुशीत भाग दिसतो. किडीची लाळ तिथेच वाळून राहिलेली असते, आणि दळणानंतरही तिची ताकद जात नाही.

त्या लाळेत थोडं अमायलेज असतं, पण पाव बिघडवतं ते प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. ते स्टार्चला हात लावत नाही, ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, कापतं. फॉलिंग नंबर मोजतो तो शिजलेल्या स्टार्चचा दाटपणा. शिवाय उकळत्या पाण्यातल्या त्या नळीत प्रोटिएजला काम करायला वेळच मिळत नाही. पीठ तापतं तसं ते निकामी होतं. अमायलेज मात्र स्टार्च फुगण्याच्या त्या मोजक्या क्षणांतच आपला प्रताप दाखवतं. एकाला उकळी आणि काही सेकंद, दुसऱ्याला कोमट पाणी आणि दोन तास. एकाच यंत्रात दोघं सापडतील कसे?

परातीत हा फरक सरळ दिसतो. मोडाच्या गव्हाची कणीक मळताना फारशी तक्रार करत नाही, त्रास पाव कापताना कळतो. ढेकणाच्या गव्हाची कणीकही मळताना छान, लवचिक लागते. तिचा गोळा काचेवर ठेवा, ओलं फडकं झाका आणि तासाभराने या. गोळा बसलेला असतो, कडा वाहिलेल्या असतात, बोटाने उचलला तर ताण न धरता चिकट धाग्यासारखा लोंबतो. सगळं नुकसान पाणी लागल्यानंतरच्या वेळात झालेलं असतं. म्हणून वेळ न देणारी कोणतीही चाचणी इथे आंधळी आहे.

माझी पसंती उशिराच्या सेडिमेंटेशनला, म्हणजे साका बसवण्याच्या चाचणीला आहे. नेहमीच्या झेलेनी चाचणीत ३.२ ग्रॅम पीठ ब्रोमोफिनॉल ब्लूच्या पाण्यात हलवतात, मग लॅक्टिक आम्लाचं द्रावण घालतात आणि नळीत बसलेला साका मिलीमध्ये वाचतात. ग्लूटेन जितकं दमदार, तितका साका फुगलेला. उशिराच्या चाचणीत एकच बदल: निळ्या पाण्यानंतर दोन तास थांबायचं, आम्ल त्यानंतर. निकोप पिठाचा साका तेवढाच राहतो, कधी थोडा वाढतो. ढेकणाच्या पिठाचा कोसळतो. समजा ३४ चा १४ झाला, तर ते २० मिली म्हणजे त्या लाळेची करामत.

इथे माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे: फरक वाचा, एकटा आकडा वाचू नका. नुसता १८ पाहून ‘कीड आहे’ म्हणणं चूक, कारण मऊ जातीच्या निरोगी गव्हाचाही १८ येतो. नुसता ३४ पाहून माल पास करणं तर त्याहून महागात पडतं. ग्लूटेनची ताकद सांगणाऱ्या ग्लूटेन इंडेक्सलाही हाच नियम: धुतलेला गोळा एकदा लगेच तपासा, एकदा ३७ अंशांवर ठेवून.

थेट प्रोटिएज मोजणाऱ्यांनी सामू (पीएच) पाहावा. हिमोग्लोबिनवरची जुनी पद्धत आम्लधर्मी द्रावणात चालते. ती गव्हाच्या स्वतःच्या प्रोटिएजला मानवते. ढेकणाचं प्रोटिएज उदासीन ते अल्कधर्मी सामूत जोमात असतं. आम्लात मोजून ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे चुकीच्या दारावर टकटक करून घर रिकामं ठरवणं.

टोचलेले दाणे मोजणं गरजेचं आहे, कारण शंभरात दोन-तीन दाणेही सगळं पीठ बिघडवू शकतात. पण त्या टक्केवारीवर निर्णय देऊ नये. दुधाळ अवस्थेत टोचलेला दाणा सुरकुततो आणि चाळणी-पंख्यात बराचसा उडून जातो. उशिरा टोचलेला दाणा भरीव राहून थेट दळणात जातो.

माझ्याकडे अहवाल येतो तेव्हा मी चार गोष्टी शोधते: लगेचचा साका, उशिराचा साका, मधले तास आणि पाण्याचं तापमान. यातली एक जरी नसेल तर नमुना पुन्हा तपासायला पाठवते.